कर्माने पुनर्जन्म ठरतो, मग पिंड कोणाला पोहोचतो?

मुठाकाठ

पुण्यात ओंकारेश्वराच्या घाटावर दहाव्याला जमलेल्या माणसांपैकी एकाला तरी हा प्रश्न पडतोच. पण गुरुजींना विचारायची ती वेळ नसते, म्हणून तो तसाच राहून जातो.

गीतेत देही (आत्मा) जुनं वस्त्र टाकून नवं घेतो. जन्म कर्मानुसार मिळतो, ज्याचं त्याने भोगायचं. मग दहा दिवसांचे पिंड, बाराव्याची सपिंडी (मृताचा पिंड पूर्वजांच्या पिंडांत मिसळणं), वर्षभराची मासिकं, पुढे दरवर्षीचं श्राद्ध आणि पितृपक्ष हे सगळं कशासाठी? जीव दुसरीकडे जन्माला आला असेल तर घास कोण घेतो? आला नसेल तर तो इतके दिवस कुठे असतो? आणि मुलाने पिंड दिल्याने बापाची गती सुधारत असेल, तर कर्माचा नियम कुठे राहिला?

दुसरा भाग व्यवहाराचा. पहिल्या दिवसापासून तेराव्यापर्यंत नेमकं काय करतात, त्यामागे काय समजूत आहे आणि कुठे चुकतं, हे एका जागी लिहिलेलं सापडत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं. 'श्रद्धा असेल तर करा' किंवा 'सगळं थोतांड' एवढ्यावर थांबू नये ही विनंती.

---

वेदान्तवाट

प्रश्न खरा आहे आणि जुनाही आहे. याचं मूळ असं की आपण आज जे एकत्र मानतो ते एका काळात तयार झालेलं नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १४ ते १८ ही सूक्तं मृत्यूशी संबंधित आहेत. त्यांत यम हा मार्ग शोधून काढणारा पहिला मर्त्य आहे. मेलेला माणूस त्याच वाटेने पितरांकडे जातो. १०.१६ मध्ये डोळा सूर्याकडे, आत्मा वाऱ्याकडे, शरीर वनस्पतींकडे जावो असं म्हटलंय. कर्मानुसार पुन्हा जन्म ही कल्पना तिथे स्पष्टपणे दिसत नाही. पिंड, तर्पण, पितृलोक या गोष्टी याच थराशी जोडलेल्या आहेत.

मधला टप्पा ब्राह्मणग्रंथांचा. शतपथ ब्राह्मणात 'पुनर्मृत्यू'ची धास्ती दिसते, म्हणजे परलोकात गेल्यावरही पुन्हा मरण येईल ही भीती. कर्माचा विचार पुढे बृहदारण्यक उपनिषदात (३.२.१३) येतो. आर्तभाग विचारतो की माणसाची वाणी अग्नीत, प्राण वाऱ्यात गेल्यावर माणूस उरतो कुठे? याज्ञवल्क्य त्याचा हात धरून त्याला बाजूला नेतो, कारण हे सभेत बोलायचं नाही. दोघं बोलतात ते कर्माबद्दल: पुण्यकर्माने पुण्यवान, पापकर्माने पापी.

छांदोग्य उपनिषदाच्या ५.१० मध्ये दोन्ही थर एका वाटेवर आणलेले आहेत. ज्ञान्याची वाट देवयान, तिथून परत येणं नाही. यज्ञ-दान करणाऱ्या गृहस्थाची वाट पितृयान: धूर, रात्र, कृष्णपक्ष, दक्षिणायनाचे सहा महिने, पितृलोक, आकाश, चंद्र. तिथे कर्म संपेपर्यंत राहायचं आणि मग आकाश, वारा, धूर, ढग, पाऊस असं उतरत तांदूळ, जव, तीळ, उडीद या धान्यांत यायचं. ते अन्न कोणी खाल्लं की पुढचा जन्म. श्राद्धाच्या सामानाच्या यादीतही नेमकी हीच धान्यं असतात, हे मला फार लक्षणीय वाटतं.

म्हणजे उपनिषदाच्या हिशेबात पितृलोक आणि पुनर्जन्म यांतलं एक निवडायचं नाही. पितृलोक हा मधला मुक्काम आहे. मग तिथे कर्म भोगून संपलं तर पुढचा जन्म कशाच्या जोरावर? याचं उत्तर ब्रह्मसूत्र ३.१.८ देतं: जीव 'अनुशय' घेऊन उतरतो, म्हणजे शिल्लक राहिलेलं कर्म बरोबर असतं.

त्यासाठी कर्माचे तीन भाग लक्षात ठेवावेत. संचित म्हणजे अनेक जन्मांचा साठा. प्रारब्ध म्हणजे त्यातला या देहासाठी फळायला लागलेला भाग. क्रियमाण म्हणजे आता घडणारं. ज्ञानाने संचित जळतं, पुढचं चिकटत नाही, पण प्रारब्ध भोगूनच संपतं (ब्रह्मसूत्र ४.१.१३ ते १९). एखाद्याचं दुखणं पाहून 'त्याचं प्रारब्ध' असं फटकन म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावं. दुसऱ्याचं प्रारब्ध ओळखायचं साधन शास्त्राने कोणाच्या हाती दिलेलं नाही, आणि मदत करणं हे आपलं क्रियमाण आहे.

---

प्रयोगपाठी

वरचं तात्त्विक झालं. आता प्रयोग. हे ऋग्वेदी आश्वलायन शाखेच्या आणि पुण्यात रूढ असलेल्या पद्धतीने लिहितो. यजुर्वेदी घरांत तपशील बदलतात. आधार मुख्यतः पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु (१७९०) आणि कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु (१६१२).

पहिला दिवस. मुखात तुळशीपत्र आणि गंगाजल, स्नान, कोरं वस्त्र. कर्ता (विधी करणारा) पुढे मडक्यात विस्तव घेऊन चालतो. वाटेत विसाव्याच्या जागी तिरडी टेकवतात आणि पुढचे-मागचे खांदेकरी बदलतात. मंत्राग्नी दिल्यावर कर्ता पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन तीन अप्रदक्षिण (उलट्या) फेऱ्या घालतो. प्रत्येक फेरीला दगडाने मडक्याला भोक पाडतात, शेवटी मडकं मागे टाकतात आणि मागे न बघता निघतात. तो दगड म्हणजे अश्मा, लोक त्याला जीवखडा म्हणतात. पुढचे दहा दिवस तिलांजली त्याच्यावरच द्यायची.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. गर्दीत अश्मा स्मशानातच राहतो. एका माणसाला आधीच नेमून तो कापडात बांधून घ्यायला सांगावं. कर्ता, अश्मा, उत्तरीय, पात्र आणि पिंडाचं द्रव्य या पाच गोष्टी दहा दिवस बदलायच्या नाहीत. पहिला पिंड तांदळाचा तर दहावाही तांदळाचाच. मध्ये बदल झाला तर केलेलं पुन्हा करावं लागतं.

अस्थिसंचयन (सावडणं). पहिल्या, तिसऱ्या, सातव्या किंवा नवव्या दिवशी. लाकडाच्या चितेत राख निवायला वेळ लागतो, म्हणून व्यवहारात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातात. विद्युत किंवा गॅस दाहिनीत त्याच दिवशी अस्थी मिळतात. विसर्जन शक्यतो दहा दिवसांच्या आत.

दहा दिवसांचे पिंड. मुठाकाठ यांचा 'तो इतके दिवस कुठे असतो' हा प्रश्न इथे लागू पडतो. मेल्यावर जीवाला तेज, वायू आणि आकाश या तीनच भूतांचा आतिवाहिक देह मिळतो. त्याला काही भोगता येत नाही. दहा पिंडांनी वीतभर-हातभर लांबीचा देह घडतो, असं गरुडपुराणाचा प्रेतखंड सांगतो. त्याच्या सारोद्धारातला क्रम असा: पहिल्या दिवशी डोकं, दुसऱ्या दिवशी मान व खांदे, तिसऱ्या दिवशी हृदय, चौथ्या दिवशी पाठ, पाचव्या दिवशी नाभी, सहाव्या दिवशी कंबर व गुह्य, सातव्या दिवशी मांड्या, आठव्या-नवव्या दिवशी गुडघे व पाय. दहाव्याला भूक आणि तहान. म्हणून दहाव्याचा पिंड महत्त्वाचा. देह झाला, आता त्याला अन्न लागतं. पुण्यात बहुतेक घरं दहाही पिंड दहाव्या दिवशी एकत्र देतात. त्याला हरकत नाही, पण तिलांजली रोजची रोज द्यावी.

अकरावा. एकोद्दिष्ट श्राद्ध. एकाच व्यक्तीसाठी: एक पवित्रक (दर्भाचं), एक अर्घ्य, एक पिंड. विश्वेदेव नाहीत, आवाहन नाही, अग्नौकरण (अग्नीत आहुती) नाही.

बारावा, सपिंडीकरण. सगळ्या विधीचा कणा. प्रेताचा लांबट पिंड करून त्याचे तीन भाग करतात आणि बाप, आजा, पणजा यांच्या तीन पिंडांत मिसळतात. या क्षणानंतर संकल्पात 'प्रेत' हा शब्द येत नाही. तो पितर होतो, आणि वरची चौथी पिढी पिंडातून बाहेर पडून लेपभागी (हाताला लागलेल्या अन्नाच्या लेपाची वाटेकरी) होते. मृताचे वडील हयात असतील तर हयात पिढी सोडून वरच्या तिघांशी संयोजन. विवाहित स्त्रीचं सासू, आजेसासू, पणजेसासू यांच्याशी.

इथे लोक अडतात ते नावांपाशी. पणज्याचं नाव आठवत नाही, पणजेसासूचं तर कोणालाच नाही. आदल्या दिवशी वडीलधाऱ्यांना फोन करून दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांची नावं कागदावर लिहून ठेवावीत. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात.

तेरावा. निधनशांत किंवा उदकशांत, मग गोडाचं जेवण.

सपिंडी मुळात वर्षाच्या शेवटी करायची. बाराव्याला आणण्याची कारणं शास्त्रातच दिली आहेत: कुळातली कार्यं संपत नाहीत, आयुष्याचा भरवसा नाही आणि शरीर टिकाऊ नाही. मात्र सपिंडी आधी केली तरी वर्षभराची षोडश मासिकं आपापल्या वेळी पुन्हा करायची असतात: बारा महिन्यांची बारा, शिवाय ऊनमासिक, त्रैपाक्षिक, ऊनषाण्मासिक, ऊनाब्दिक. गरुडपुराणात यमपुरीच्या वाटेवर सौम्यपुरापासून बहुभीतीपर्यंत सोळा नगरं आहेत. वाट ८६,००० योजनं, रोजची चाल २४७ योजनं. भागाकार केला तर ३४८ दिवस येतात, म्हणजे चांद्र वर्षाच्या आसपास. सोळा मुक्काम, सोळा श्राद्धं.

---

कसबा_पेठ

प्रयोगपाठी, उत्तम. एक नेहमीची अडचण: थोरला मुलगा परदेशात, धाकट्याने किंवा मुलीने अग्नी दिला, थोरला तिसऱ्या दिवशी पोहोचला. मग त्याला कर्ता करतात. हे बरोबर का?

---

प्रयोगपाठी

नाही. वचन अगदी स्पष्ट आहे:

*असगोत्रः सगोत्रो वा यदि स्त्री यदि वा पुमान् ।*
*प्रथमेऽहनि यो दद्यात् स दशाहं समापयेत् ॥*

सगोत्र असो, परगोत्री असो, स्त्री असो वा पुरुष, पहिल्या दिवशी ज्याने दिलं त्यानेच दहा दिवस पुरे करायचे. अकराव्यापासून थोरल्याने घ्यावं.

'मुलींनी अग्नी द्यायचा नसतो' असं घाटावर ठासून सांगतात, त्यांनी यातला 'यदि स्त्री' हा शब्द वाचावा. मुलगा, नातू, पणतू नसतील तर पत्नीचा अधिकार निबंधग्रंथ (धर्मसिंधुसारखे धर्मशास्त्राचे संग्रह) मान्य करतात, आणि अधिकाराच्या क्रमात मुलगी व मुलीचा मुलगाही आहेत. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या पौरोहित्य वर्गातून शिकलेल्या स्त्रिया अंत्यसंस्कार आणि श्राद्धही सांगतात, मंत्रांचा मराठी अर्थ सांगत. ज्या घरात फक्त मुली आहेत त्यांनी चुलतभावाची शोधाशोध करू नये.

---

दप्तरी

कागदपत्रांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दुःखात असलेल्या घराची सगळ्यात जास्त धावपळ याचीच होते.

रुग्णालयात मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना ४ मध्ये, घरी झाला तर ४अ मध्ये. घरी असेल तर शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांना लगेच बोलवा. अनोळखी डॉक्टर सही करायला तयार होत नाहीत, आणि त्यात मध्यरात्रीचे तीन-चार तास जातात. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन टळत नाही. त्याशिवाय देह हलवू नका.

प्रमाणपत्र आणि मृताचं आधार कार्ड (मूळ व दोन प्रती) घेऊन महापालिकेचा पास, मग वैकुंठ, कैलास किंवा जवळची स्मशानभूमी. नाव आधारवर आहे तसंच लिहून घ्या. 'बापू' ऐवजी 'बापूराव' झालं की बँक, विमा आणि सातबारा तिन्हीकडे अडतं. नोंदणीची मुदत २१ दिवस. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत परवानगी आणि स्वसाक्षांकित कागदपत्र, वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश.

पेसमेकर बसवलेला असेल तर दहनाआधी डॉक्टरकडून काढून घ्यायलाच हवा. बॅटरी उष्णतेने फुटते, दाहिनीचं आणि माणसांचं नुकसान होतं. दाहिनीत नायलॉनची वस्त्रं, प्लास्टिकचे हार, काचेच्या बाटल्या घालू नका. नेत्रदान ठरलं असेल तर चार ते सहा तासांत पेढीला कळवा, तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा आणि डोकं उशीवर थोडं उंच ठेवा.

---

सत्यशोध

'पिंड पोहोचतो कसा' याचं उत्तर अजून आलेलं नाही. चार्वाकांचा (परलोक न मानणाऱ्यांचा) आक्षेप सर्वदर्शनसंग्रह या ग्रंथात दिलाय: श्राद्धाने मेलेल्यांची तृप्ती होत असेल, तर विझलेल्या दिव्यात तेल घातल्यानेही ज्योत वाढायला हवी.

हे नास्तिकांचं म्हणून सोडून द्यायचं असेल तर म. म. पां. वा. काणे यांचं घ्या. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा चौथा खंड १९५३ साली इथल्याच भांडारकर संस्थेने काढला. कर्म आणि पुनर्जन्म यांवर पक्का विश्वास असलेल्या माणसाला, तीन पिढ्यांना पिंड देऊन त्यांची तृप्ती होते या समजुतीशी मेळ घालणं अवघड जाईल, असं ते तिथे मान्य करतात. मनुस्मृतीत हे दोन्ही आहे. तिसरा अध्याय श्राद्धाने भरलेला आहे, आणि चौथ्यात (४.२३९-२४०) परलोकात बाप, आई, बायको, मुलगा कोणीच साथीला नसतो, माणूस एकटाच जन्मतो, एकटाच आपलं पापपुण्य भोगतो असं म्हटलंय.

आणि पुण्यातच २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, तो मध्यस्थ पुरोहिताशिवाय विधी करण्याचा आग्रह धरून. मरणाच्या दारात माणूस सगळ्यात हतबल असतो आणि नेमका तेव्हाच त्याच्याकडून दक्षिणा मागितली जाते, हे तेव्हाचं दुखणं आजही पूर्ण गेलेलं नाही. पिंडाचं तत्त्वज्ञान सांगताना हे विसरू नये.

---

वेदान्तवाट

@सत्यशोध, मनूचा दाखला बिनतोड आहे. परंपरेने त्यावर दोन उत्तरं दिली आहेत, दोन्ही मांडतो.

पहिलं मत्स्यपुराणातलं. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री आपल्या श्राद्धखंडात तेच घेतो. नाव, गोत्र आणि मंत्र हे अन्न पोहोचवणारे. पितर देव झाला असेल तर ते अमृत होऊन मिळतं, पशू झाला असेल तर गवत, साप झाला असेल तर वायू. म्हणजे जन्म झालेला आहे हे धरूनच हे उत्तर दिलेलं आहे.

दुसरं याज्ञवल्क्यस्मृती (१.२६९) आणि त्यावरची मिताक्षरा ही टीका यांचं. श्राद्धाच्या देवता आपला बाप-आजा नसून वसू, रुद्र आणि आदित्य आहेत. त्या तृप्त होतात आणि माणसांच्या पितरांना तृप्त करतात. म्हणून श्राद्धात वडिलांना 'वसुरूप', आजोबांना 'रुद्ररूप', पणजोबांना 'आदित्यरूप' म्हणतात.

दुसरं उत्तर मला जास्त टिकाऊ वाटतं. त्यात जीव नेमका कुठे आहे हे ठरवावं लागत नाही.

आता मुलाच्या पिंडाने बापाचं कर्म बदलतं का? माझं मत: नाही. और्ध्वदेहिक (मरणोत्तर) विधीची हद्द 'प्रेतत्व' जाऊन 'पितृत्व' येणं एवढीच आहे. सपिंडीच्या संकल्पात प्रेतत्वनिवृत्ती मागितलेली असते, पापक्षमा नव्हे. गरुडपुराण याच्या पुढे जातं, दानांनी यातना टळतात असं सांगतं, आणि भीतीचा सगळा बाजार त्या अध्यायांवर उभा आहे. त्याच पुराणांच्या परंपरेत नरकही कायमचा नाही. मनूचे एकवीस, भागवताचे (५.२६) अठ्ठावीस, पण प्रत्येकातून भोग संपला की सुटका आहे. ८४ लक्ष योनींच्या हिशेबात (जलचर ९, स्थावर २०, कृमी ११, पक्षी १०, पशू ३०, मानव ४ लक्ष) कायमचं बंद झालेलं दार एकही नाही.

---

नदीपात्र

कावळा शिवला नाही तर काय? घाटावर लोक रडकुंडीला येतात. 'काहीतरी इच्छा राहिली' म्हणून एकेक जण पुढे होऊन वचनं देतो.

---

प्रयोगपाठी

शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून स्पर्श करायचा, विधी पूर्ण होतो. यात कमीपणा काही नाही. पिंडाला कावळा न शिवल्याने आत्मा अडकतो असं प्रयोगात कुठेही लिहिलेलं नाही.

कावळा न येण्याची कारणं साधी असतात. ओंकारेश्वराला सकाळी एकापाठोपाठ पिंड ठेवले जातात, साडेदहानंतर कावळ्यांची पोटं भरलेली असतात. त्यात माणसं पिंडाला वेढा घालून, मोबाईल उंचावून उभी. नऊच्या आधी पिंड ठेवा, उंचवट्यावर, आणि सगळ्यांनी वीस-पंचवीस फूट मागे सरा. वर भात मोकळा ठेवा, घट्ट दाबलेल्या गोळ्यापेक्षा तो पक्ष्याला सोपा जातो. अर्धा तास वाट पाहून दर्भाचा कावळा करावा. सुनेला किंवा धाकट्या भावाला सगळ्यांदेखत जमिनीची वचनं द्यायला लावू नये. तो धर्म नव्हे.

---

कसबा_पेठ

दिव्याजवळ पीठ पसरून त्यावर टोपली ठेवतात, ठसा उमटला की 'अमुक जन्म मिळाला' म्हणतात. ते?

---

वेदान्तवाट

लोकाचार. शास्त्राच्या हिशेबात तेव्हा तर प्रेतदेहही पुरा झालेला नसतो, मग पुढचा जन्म कसा दिसणार? दमट हवेत पीठ आकसतं, भेगाळतं, मुंग्या फिरतात. घरातल्यांना आधार वाटत असेल तर ठेवू द्यावं, पण 'सापाचा ठसा दिसला' म्हणून कोणाला शांती सांगू नये.

---

देहूकर

वारकरी घरांतली रीत इथे यायला हवी. पुणे जिल्ह्यात देहू, आळंदी, खेड, मावळ या पट्ट्यात दशक्रियेला इंद्रायणीकाठी प्रवचन किंवा कीर्तन असतंच. सकाळी पिंड, मग दोन तास प्रवचन, मग पाहुण्यांची श्रद्धांजली. विषय बहुधा देहाचं नश्वरपण आणि नामाचा आधार. वारकरी विचारात नाम घेणाऱ्याला यमाची धास्ती नाही, त्यामुळे इथे यातनांची वर्णनं कमी आणि आठवण जास्त असते. बोलावणाऱ्यांनी महाराजांना आधीच सांगावं: वेळ दीड तास, मृताबद्दल घरच्यांनी दिलेली चार वाक्यं, आणि भाषणांना माणसं मोजकी. राजकीय सत्कार झाले की घरातली म्हातारी माणसं उन्हात बसून राहतात, त्याचं फार वाईट वाटतं.

लिंगायतांत दफन असतं आणि श्राद्ध नसतं. संन्याशाला अग्नी नाही, समाधी. त्याने संन्यास घेतानाच स्वतःचं श्राद्ध केलेलं असतं. 'हिंदू म्हणजे दहन आणि पिंड' असं सरसकट लिहू नये.

---

नदीपात्र

देहदान केलं असेल तर?

---

प्रयोगपाठी

देह मिळत नाही तेव्हा पळसाच्या ३६० पानांच्या देठांची प्रतिकृती करून दहन करण्याचा पालाशविधी आहे. देहदानासाठी काही गुरुजी तोच सांगतात, काही दर्भाची लहान प्रतिकृती पुरेशी मानतात, आणि अनेक घरं थेट दहाव्यापासून सुरुवात करतात. पुण्यात ससूनशी संलग्न बै. जी. वैद्यकीय महाविद्यालय आणि ए.एफ.एम.सी. (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) देह स्वीकारतात. शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत, हे आधी माहीत असावं. परगावी नेऊन विधी करायचे असतील तर त्र्यंबकेश्वर, नाशिकचं रामकुंड, गया. पण त्यासाठी कर्ज काढू नये. घरी केलेली सपिंडी अपुरी नसते.

पंचकाबद्दलही कोणी विचारेल म्हणून: धनिष्ठेच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंत चंद्र असताना मृत्यू झाला तर पंचक. दहनाच्या वेळी पाच दर्भपुतळ्या ठेवतात आणि पुढे शांती करतात. एवढंच. 'घरात आणखी चार जातील' असं सांगून पन्नास हजारांची यादी देणाऱ्याला नम्रपणे नकार द्या आणि दुसरे गुरुजी बघा.

---

तिथीमान

वर्षश्राद्धाची तिथी काढताना होणाऱ्या चुका लिहितो, कारण अर्ध्या घरांत तारीखच चुकलेली असते.

मृत्यूच्या क्षणी जी तिथी चालू होती ती खरी. त्या दिवसाच्या चौकोनात कॅलेंडरवर छापलेली तिथी सूर्योदयाची असते. पहाटे अडीचला मृत्यू झाला तर तारीख बदललेली असते, पण भारतीय दिवस अजून आदलाच असतो. पंचांगात तिथीची समाप्तीवेळ बघून महिना, पक्ष, तिथी लगेच लिहून ठेवा.

दरवर्षीचं श्राद्ध त्या दिवशी करायचं ज्या दिवशी ती तिथी अपराह्णात आहे. दिवसाचे पाच भाग करा. सूर्योदय-सूर्यास्त सहा ते सहा धरले तर प्रत्येक भाग २ तास २४ मिनिटांचा. चौथा भाग अपराह्ण, दुपारी १:१२ ते ३:३६. सूर्योदयाला सप्तमी आहे पण ती सकाळी ११ ला संपून अष्टमी लागते, तर अष्टमीचं श्राद्ध त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नव्हे. पुण्यात पावसाळ्यात दिवस मोठा, हिवाळ्यात लहान, त्याप्रमाणे वेळा सरकतात. एकोद्दिष्ट मात्र मध्याह्नात.

पितृपक्षात साधारणपणे ज्याची जी तिथी त्याच तिथीला महालय (पितृपक्षातलं श्राद्ध). अपवाद: सवाष्ण गेलेलीचं नवमीला, शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्याचं चतुर्दशीला. तिथी माहीत नसेल किंवा चुकली तर सर्वपित्री अमावास्या.

---

मुठाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पितृलोक मधला मुक्काम आणि विधीची हद्द प्रेतत्वापुरती, हे धरलं की पहिल्या प्रश्नातल्या गाठी बऱ्याच सुटतात. मनूचा एकटा जाणारा माणूस मात्र तसाच उभा आहे, आणि तो राहू द्यावा असं वाटतं.

तिथीमान, एकच राहिलं. जून २०२५ मध्ये ज्येष्ठात मृत्यू झाला असेल तर पहिलं वर्षश्राद्ध कधी? २०२६ ला ज्येष्ठ अधिक आहे.

---

तिथीमान

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, त्यानंतर निज (नेहमीचा) ज्येष्ठ. पहिलं वर्षश्राद्ध अधिक ज्येष्ठातच, त्या तिथीला, कारण बारा चांद्र महिने तिथे पुरे होतात. २०२४ किंवा त्याआधीच्या ज्येष्ठातलं असेल तर निज ज्येष्ठात. वर्षाच्या मध्येच अधिक मास आला, म्हणजे समजा मृत्यू कार्तिक २०२५ चा असेल, तर मासिक एक वाढतं आणि वर्षश्राद्ध नेहमीप्रमाणे कार्तिकात. गुरुजींना दिवस सांगताना 'अधिक' की 'निज' हा शब्द लिहूनच पाठवा.